‘ओब्तूरामेंतुम’ला मराठीत काय म्हणाल? (झाकण नको)

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं लॅटिन शिकते आहे. त्यातून थोरला प्लिनी या रोमन लेखकाच्या निसर्गग्रंथातला झाडांचा भाग मराठीत आणायचा नाद लागला. एकूण ३७ खंड आहेत, त्यातला १६वा माझ्या टेबलावर असतो. इ. स. ७७ च्या सुमारास प्लिनीने हा ग्रंथ तीतुसला, म्हणजे रोमन सम्राटाच्या मुलाला अर्पण केला आणि ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात प्लिनी गेला.

या खंडात ‘सूबेर’ नावाच्या झाडावर एक छोटासा उतारा आहे. सूबेर म्हणजे ज्याच्या सालीपासून बूच निघतं तो ओक. त्या सालीचे उपयोग प्लिनी भराभर सांगतो: जहाजांच्या नांगराचे दोर, कोळ्यांची जाळी, बायकांची हिवाळ्यातली पादत्राणं, आणि ‘कादोरुम ओब्तूरामेंतिस’. कादुस हे दारू साठवायचं मातीचं भांडं. ओब्तूरामेंतुम म्हणजे त्याच्या तोंडात घालायची वस्तू. इथे माझं घोडं अडलं आहे.

पहिल्या खर्ड्यात मी ‘झाकण’ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचताना तेच खटकलं. झाकण वर ठेवतात, ओब्तूरामेंतुम आत जातं. शब्दाची घडणही तेच सांगते. ‘ओब्तूरारे’ हे क्रियापद, अर्थ बुजवणं, कोंबून बंद करणं. त्याला ‘मेंतुम’ लागलं की ते काम करणारी वस्तू तयार होते, जसं इन्स्त्रूमेंतुम, ओर्नामेंतुम. झाकणाला लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहेच, ओपेर्कुलुम.

‘बूच’ म्हणावं, तर मराठीत झाडाची ती साल म्हणजेही बूच आणि बाटलीत घालतो तेही बूच. ‘बुचाची बुचं करतात’ असं वाक्य कसं लिहू? तुमच्या घरी, गावात अशा वस्तूला काय म्हणत, ते सांगा.

लोणकढी

झाकण नकोच. आमच्या घरात यासाठी तीन वेगळे शब्द होते आणि आजी ते कधीच एकमेकांच्या जागी वापरायची नाही.

लोणच्याच्या बरणीवर ठेवायचं ते झाकण. त्यावरून स्वच्छ पांढरं फडकं घालून बरणीच्या गळ्याशी सुतळीने आवळून बांधायचं, तो दादरा. “दादरा बांधलास का?” हा प्रश्न वैशाखात रोज असायचा. आणि तेलाच्या बाटलीच्या तोंडात चिंधी पिळून घट्ट बसवायची, ती गुडदी. रॉकेलच्या बाटलीला मक्याचं बुरकुंड. दाणे खाऊन झाले की बुरकुंड वाळवायचं, एका बाजूने चाकूने जरा निमुळतं करायचं आणि पिळत पिळत आत घालायचं. रॉकेल पिऊन ते फुगायचं आणि बाटली आडवी पडली तरी थेंब गळायचा नाही. ते ओलं बुरकुंड उपसताना होणारा ‘टप्’ आवाज आणि बोटांना लागणारा तो वास अजून आठवतो.

तुमच्या शब्दाला गुडदी अगदी चपखल बसेल.

पिंपळपान

लोणकढीताई, तुमच्या दादऱ्याने एक जुनं कोडं सुटलं!

प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या एका नाटकात सोन्याचं मडकं पुरून ठेवणाऱ्या महाकंजूष म्हाताऱ्याबद्दल नोकर आणि आचारी बोलत असतात. नोकर सांगतो, हा झोपताना तोंडावर पिशवी बांधतो, झोपेत श्वास वाया जाऊ नये म्हणून. त्यावर आचारी विचारतो, “मग खालचं तोंडही बुजवतो की काय?” पहिल्या वाक्यात क्रियापद आहे ‘ओब्स्त्रिंगित’, आवळून बांधतो. दुसऱ्यात ‘ओब्तूरात’, बुजवतो. मी दोन्हीकडे ‘बंद करतो’ लिहून पुढे गेले होते आणि विनोद मेला होता. आता लख्ख दिसतं: वर दादरा, खाली गुडदी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन प्रेक्षकाला जो फरक ऐकताक्षणी कळत होता, तो तुमच्या आजीलाही कळत होता.

रोमन कवी होरातियुसही (होरेस) हे क्रियापद वापरतो. सतत आपल्या कविता ऐकवणाऱ्यांचा त्याला वैताग आलेला असतो. कविता लिहिणं सोडलं, की या लोकांपुढे आपले उघडे कान खुशाल ‘ओब्तूरेम’, असं तो एका पत्रकाव्यात लिहितो. याला मराठी शोधावंच लागत नाही: कानात बोळे घालीन.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. ‘बूच’ हा शब्द इतक्यात सोडू नका, त्यालाही इतिहास आहे.

कोंकणीतही बूचच म्हणतात. पोर्तुगीजमध्ये कोंबायच्या बोळ्याला, भोकात ठोकायच्या दट्ट्याला जो शब्द आहे, तो आज लिस्बनमध्ये ‘बुशा’ असा उच्चारतात. मग आपल्याकडे ‘च’ कसा? सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे उतरले, तेव्हा ते अक्षर ते ‘च’ असंच उच्चारत. किल्लीचा शब्द बघा. आज ते ‘शाव्ह’ म्हणतात, आपण ‘चावी’ म्हणतो. त्यांच्या तोंडून गेलेला तो जुना ‘च’ आपल्या चावीत आणि बुचात टिकून आहे.

आणि हा शब्द आणणारे लोक आले कुठून, तर बुचाच्या ओकांच्या देशातून! जगातलं निम्म्याच्या आसपास बूच आजही एकट्या पोर्तुगालमध्ये निघतं. प्लिनी ज्या सालीबद्दल बोलतोय तिच्याच मुलखातला शब्द तुमच्या जिभेवर आहे. तो टाकून गुडदी कशाला?

घाटमाथा

माझं मत वेगळं आहे. गुडदी, दट्ट्या, दादरा हे शब्द आज तिशीतल्या किती जणांना कळतील? भाषांतर वाचकासाठी असतं. ‘झाकण’ म्हटलं की लगेच कळतं आणि माणूस पुढे वाचतो. एका शब्दापायी वाचक अडखळला तर फायदा काय? पाण्याच्या बाटलीचं फिरकीचं असतं, त्यालाही आपण झाकणच म्हणतो.

रानभूल

घाटमाथा, फिरकीचं ते झाकणच, कारण ते तोंडावर बसतं. गोष्ट आत जात असेल तर काय म्हणायचं, हा प्रश्न उरतोच.

मांडवीकाठ यांना दुजोरा. बूच हा शब्द आपल्याकडे झाडालाही चिकटलाय. पुण्यात रस्त्याच्या कडेला उंच, सरळसोट वाढलेली, पांढऱ्या लांब नळीच्या फुलांची झाडं असतात ना? पावसाळा सरता सरता पहाटे खाली सडा पडतो आणि मुलं देठात देठ गुंफून गजरे करतात. ते बुचाचं झाड, म्हणजेच आकाशनिंब. शास्त्रीय नाव मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस. याची साल मऊ आणि भेगाळलेली असते, तिच्यापासून हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून हे नाव. ओकशी याचं काडीचंही नातं नाही. म्हणजे आपल्याकडे वस्तू आधी आली आणि तिच्या नावावरून झाडाचं बारसं झालं. रोमन लोकांकडे झाडाचं नाव वेगळं, सालीचं वेगळं (कोर्तेक्स), आणि बाटलीत जायच्या वस्तूचं वेगळं.

प्लिनीने सालीला ‘पुन्हा येणारी’ म्हटलंय का? म्हटलं असेल तर ते फार महत्त्वाचं आहे. बहुतेक झाडांची साल सगळ्या बाजूंनी सोलली तर झाड मरतं. बुचाच्या ओकाची फक्त बाहेरची मेलेली साल काढतात, आतली जिवंत साल शाबूत राहते आणि ती नवं बूच तयार करते. पोर्तुगालमध्ये झाड साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा सोलतात, नंतर किमान नऊ वर्षांच्या अंतराने. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत, ओबडधोबड असते. बाटलीचं बूच कापण्याजोगी गुळगुळीत साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे तोवर झाडाचं वय चाळिशीच्या पुढे. बूच उपसून फेकताना हे डोक्यात असावं असं मला मनापासून वाटतं.

पिंपळपान

हो, म्हटलंय! ‘प्राएक्रासुस आक रेनासेन्स’, म्हणजे अतिशय जाड आणि पुन्हा जन्मणारी. हे मी ‘जी परत वाढते’ असं गुळमुळीत लिहिलं होतं. बदलते.

दाढदुखी_दवाखाना

मी दातांची डॉक्टर. धाग्याचं शीर्षक वाचून दचकले, कारण ओब्तूरामेंतुमचं सख्खं भावंड माझ्या तोंडी दिवसातून चार वेळा असतं: ऑब्च्युरेशन. रूट कॅनालमधली एक पायरी.

दाताच्या मुळातली नस काढायची, फाइल्सनी ती बारीक नळी साफ करून आकाराला आणायची, औषधाने धुवायची, कागदी पॉइंट घालून कोरडी करायची. मग गटापर्चाचे निमुळते गुलाबी पॉइंट सीलर लावून आत दाबून बसवायचे, ते थेट मुळाच्या टोकाच्या साधारण एक मिलिमीटर अलीकडे पोचेपर्यंत. एक्स-रेमध्ये पांढरी, सलग, निमुळती रेघ दिसली की जीव भांड्यात पडतो. मध्ये काळी फट दिसली तर ते काम मी उपसून पुन्हा करते. गटापर्चा म्हणजे मलेशिया-इंडोनेशियाकडच्या एका झाडाचा चीक. म्हणजे दोन हजार वर्षांनंतरही बुजवायला झाडच कामाला येतंय.

पेशंट विचारतात, “कॅप बसवायची आहेच, मग आत भरायचं कशाला?” घाटमाथा यांच्यासाठी माझं उत्तर तेच. कॅप म्हणजे झाकण. वर ती कितीही सुंदर बसवली आणि आतली नळी पोकळ राहिली तर जंतू पुन्हा घर करतात. एक आजोबा दुसरीकडून कॅप लावून माझ्याकडे आले होते, हनुवटीखाली लिंबाएवढी सूज घेऊन. कॅप उघडली तर नळी अर्धीच भरलेली. झाकण होतं, बूच नव्हतं. तेव्हा दोन्हीला एकच शब्द वापरू नका, एवढीच विनंती.

याच शब्दाचा आणखी एक वापर माझ्या जिव्हाळ्याचा. टाळूला भोक असेल तर ते बुजवणाऱ्या कवळीसारख्या साधनाला ऑब्च्युरेटर म्हणतात. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यवैद्य आंब्रुआझ पारे अशी साधनं करायचा: धातूची पत्री, तिच्या पाठीला स्पंज. स्पंज ओला होऊन फुगला की पत्री जागेवर बसे. गोळी लागून किंवा रोगाने टाळू फाटलेल्या माणसाचं अन्न नाकात जायचं थांबे आणि त्याचं बोलणं पुन्हा लोकांना कळू लागे. आज कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत वरचा जबडा गेलेल्यांसाठी आम्ही अॅक्रिलिकचे करतो. पहिल्यांदा तो बसवल्यावर पेशंट आरशात न बघता आधी घरच्या कुणाचं तरी नाव घेऊन बघतात.

लोणकढी

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि पारेचा फुगणारा स्पंज म्हणजे आमचं बुरकुंडच की!

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट. कमरेच्या हाडात दोन बाजूंना दोन मोठी भोकं असतात, त्यांचं नाव ऑब्च्युरेटर फोरामेन, म्हणजे ‘बुजलेलं भोक’. सांगाड्यात ते आरपार दिसतं, म्हणून विद्यार्थ्यांना नाव उलटं वाटतं. जिवंत शरीरात ते एका चिवट पडद्याने बंद असतं. वरच्या बाजूला फक्त एक लहानसा बोगदा उरतो, त्यातून ऑब्च्युरेटर नस मांडीच्या आतल्या बाजूला उतरते.

तोफगोळा

मी तोफांच्या कामात आयुष्य घालवलं, आता निवृत्त. आमच्याकडेही ऑब्च्युरेटर आहे आणि तो माझ्या मते या शब्दाचा सर्वांत अवघड संसार आहे.

पूर्वी तोफ तोंडाकडून भरत. मागून भरायची तोफ आली तसा प्रश्न उभा राहिला: बार उडाला की मागच्या फटीतून जळता गॅस तोफचींच्या अंगावर येणार. फट बुजवायची कशी? १८७२ मध्ये फ्रान्सच्या द बांज नावाच्या अधिकाऱ्याने फार सुरेख तोड काढली. अळंबीच्या आकाराचं लोखंडी डोकं, त्याच्यामागे अॅस्बेस्टॉस आणि चरबीची गादी. बार उडाला की गॅस अळंबीला मागे ढकलतो, गादी चेपते, चेपली की कडेने बाहेर पसरते आणि फट आपसूक बंद होते. दाब जितका जास्त, तितकं बूच घट्ट. जो पळू पाहतो त्याच्याच जोराने दार लावायचं!

हे समजायला तोफ लागत नाही. गोटी सोडा आठवा. बाटलीच्या गळ्यात गोटी असते, वर रबराचं कडं. आतला गॅस गोटीला वर ढकलून कड्यावर दाबून धरतो. अंगठ्याने गोटी खाली ढकलली की फस्स. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, आणि तिचं पेटंटही १८७२ चं. एकाच वर्षी एकीकडे तोफ, एकीकडे सोडा, आणि दोघांची युक्ती एक.

कृष्णधवल

फ्रेंचमध्ये कॅमेऱ्याच्या शटरला ‘ऑब्त्युरातर’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘ओत्तुरातोरे’. प्रकाशाची वाट बुजवणारा. इटालियनमध्ये बंदुकीच्या बोल्टलाही तोच शब्द, आणि दात भरण्याला ‘ओत्तुरात्सिओने’.

घाटमाथा

वाचतोय, आणि माझं म्हणणं थोडं मागे घेतो. कॅप आणि बूच हे उदाहरण पटलं. एक शंका: रक्ताची गुठळी अडकते त्याला डॉक्टर एम्बोलस म्हणतात. तोही बुचाचाच शब्द ना? मग तो का नको?

पिंपळपान

छान प्रश्न. एम्बोलुस मूळचा ग्रीक, ‘आत घातलेली वस्तू’. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात क्तेसिबियुस या ग्रीक संशोधकाच्या पाण्याच्या पंपाचं वर्णन करतो, तिथे हा शब्द येतो: लेथवर घासून गुळगुळीत केलेले आणि तेल लावलेले एम्बोलुस नळकांड्यात वरखाली होतात. म्हणजे पिस्टन! रक्तवाहिनीत अडकणाऱ्या गोळ्याला हे नाव रुडॉल्फ फिर्खोने १८४० च्या दशकात दिलं.

आणि इथे मराठीची कमाल बघा. आपला दट्ट्या अगदी एम्बोलुससारखा आहे. बुजवायचं तेही दट्ट्या, आणि पंपात किंवा इंजिनात वरखाली होतो तोही दट्ट्याच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण तोच शिकलो. शिवाय ‘मागे दट्ट्या लावणे’ म्हणजे सतत रेटा देणं. दट्ट्या दाबतो, हलतो, जोर लावतो. ओब्तूरामेंतुम गप्प बसून असतं, एकदा घातलं की वर्षानुवर्षं हलायचं नाही. म्हणून दट्ट्या मी विट्रुव्हियससाठी राखून ठेवते.

बसून राहण्यावरून आठवलं. होरातियुस एका कवितेत, झाड अंगावर कोसळता कोसळता वाचल्याचा वाढदिवस साजरा करतो. त्या दिवशी तो राळेने घट्ट बसवलेलं ‘कोर्तेक्स’ काढणार असतो, तुल्लुस कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी; वर्ष त्याच्या नावाने ओळखत) होता तेव्हापासून धुरात ठेवलेल्या अँफोरावरचं, म्हणजे दारूच्या मातीच्या भांड्यावरचं. तुल्लुसचं वर्ष इ. स. पू. ६६. म्हणजे ते बूच चाळीसेक वर्षं तसंच बसून होतं! तिथे तो बुचाला नुसतं ‘साल’ म्हणतो. पोहायला शिकतानाच्या बुचालाही तोच शब्द: वडील त्याला सांगत, मोठा झालास की ‘सालीशिवाय पोहशील’. आपल्याकडे पाठीला सुका भोपळा बांधतात, तसं.

रानभूल

मग पर्याय दोनच उरले, बूच आणि गुडदी. मी तिसरा मांडतो. ‘मेंतुम’ जे काम करतं ते मराठीत ‘ण’ करतो. झाकणे, झाकण. विरजणे, विरजण. लिंपणे, लिंपण. तसं बुजवणे, बुजवण. ‘ओब्तूरारे’ला ‘ओब्तूरामेंतुम’, ‘बुजवणे’ला ‘बुजवण’.

लोणकढी

व्याकरणाला धरून आहे, पण बुजवण म्हटलं की मला भिंतीतलं भोक आणि सिमेंट दिसतं. बाटली दिसत नाही.

मांडवीकाठ

आणि बुजवण परत निघत नाही. बूच निघतं. दारू प्यायची आहे ना शेवटी!

पिंपळपान

दोघांचंही खरं आहे. ‘निघतं’ हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

गुडदीबद्दल: ती चिंधीची, कागदाची, वेळ मारून नेणारी. प्लिनी बोलतोय ती वस्तू मापाने कापलेली असते. म्हणून वस्तूसाठी बूचच ठेवते. राहिला ‘बुचाची बुचं’चा घोळ. त्यावर उपाय असा की झाडाला मूळ नावानेच बोलवायचं, सूबेर, आणि त्याच्या अंगावर आहे तोवर सालच म्हणायचं, जसं प्लिनी करतो. बूच हा शब्द भांड्याच्या तोंडाशी पोचल्यावरच यायचा.

भांड्यासाठी रांजण चालणार नाही, त्याचं तोंड रुंद, त्याला झाकणच लागणार. तोंड अरुंद म्हणून बुधला घेतला आहे. चामड्याचा बुधला आठवू नये म्हणून पुढे ‘मातीचे’ लावलंय. आजचा खर्डा असा:

“सूबेर हे झाड अगदी लहान. त्याची फळं अगदी वाईट, तीही विरळ. उपयोगाची ती केवळ साल. अतिशय जाड, पुन्हा जन्मणारी, पसरली तर दोन्हीकडून दहा दहा फूट भरणारी. ती बहुतकरून जहाजांच्या नांगरदोरांना लागते, कोळ्यांच्या ओढजाळ्यांना लागते, मातीच्या बुधल्यांची बुचं करायला लागते, शिवाय बायकांच्या हिवाळ्यातल्या पादत्राणांना. म्हणून ग्रीक लोक त्याला ‘सालीचं झाड’ म्हणतात, ते काही वावगं नाही.”

घाटमाथा

एकदाही अडखळलो नाही.

लोणकढी

सुंदर झालंय. एकच सुचवते. ‘बुचं करायला’ऐवजी ‘बुचांना’ लिहा. दोरांना, जाळ्यांना, बुचांना, पादत्राणांना. मोठ्याने वाचून बघा.

पिंपळपान

वाचलं. बदललं.